गड्याचा कोट

कुत्र्याला थंडी वाजते की नाही, या एका प्रश्नावर मागच्या कार्तिकात आमच्या घरात पंधरा दिवस भांडण चाललं. घरात माणसं दोनच, मी आणि माझे वडील. त्यांना मी अण्णा म्हणते. तिसरा कुत्रा, आणि त्याला कुणी विचारलं नाही.

सुरुवात पुण्यातून झाली. माझ्या भावाच्या मुलीनं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. तिचं उशीएवढं पांढरं कुत्रं लाल कोट घालून सोसायटीच्या बागेत उभं होतं. खाली लिहिलं होतं, "आजोबा, तुमच्या कुत्र्याला स्वेटर नाही?" पोरीनं चेष्टा केली होती. अण्णांनी मात्र तो फोटो आधी चष्मा लावून बघितला, मग चष्मा काढून बघितला, आणि संध्याकाळपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत. ते असे गप्प बसले की काहीतरी खूळ निघणार, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

अण्णा सांगोल्याकडच्या खेड्यातून तरुणपणी सोलापुरात आले आणि चादरीच्या कारखान्यात मागावर लागले. चाळीस वर्षं त्यांनी चादरी विणल्या. निवृत्त होताना कारखान्यानं त्यांना चामडी पट्ट्याचं एक घड्याळ दिलं, आणि त्यांनी विणलेली शेवटची चादरही त्यांनाच दिली. घड्याळ त्यांनी मनगटावर चढवलं ते आंघोळीपुरतंच उतरायचं. चादर आईनं डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवली.

आई गेली तेव्हा अण्णा सहा महिने घराबाहेर पडले नाहीत. खुर्ची, कॉट आणि मोरी, एवढंच त्यांचं जग झालं होतं. पाय सुजले. डॉक्टर मलाच ओरडले, चालवा यांना. मी शाळेत शिकवते, चाळीस पोरांना हुकूम सोडते, पण एका म्हाताऱ्याला मला उंबऱ्याबाहेर काढता आलं नाही. ते काम या कुत्र्यानं केलं. तपकिरी, एक कान मुडपलेलं, साधं गावठी कुत्रं दारात येऊन बसलं, आणि अण्णा त्याला भाकरी द्यायला उठले. दुसऱ्या दिवशी त्याच्या मागं गल्लीच्या टोकापर्यंत गेले. महिन्याभरात रोज उजाडताना दोघं तलावापर्यंत जाऊन यायला लागले. अण्णांनी त्याला नाव ठेवलं नाही, ते त्याला गडी म्हणायचे. "गडी जेवला का?" हा प्रश्न आधी, मी जेवले का हा नंतर. मला त्याचं काही वाटायचं नाही. कुत्रं आहे तोवर अण्णा चालणार आणि चालतायत तोवर धड राहणार, हे मला पक्कं माहीत होतं. नऊ वर्षं मी घरभर पडलेले त्याचे केस झाडले ते एवढ्यासाठीच.

तर, कोट.

"म्हातारं झालंय त्ये," अण्णा म्हणाले. "सकाळी मला वाजतंय, मग त्येला न्हाय वाजत व्हय?"

"देवानं अंगभर केस दिलेत की त्याला. आणि सोलापुरात थंडी ती किती? दहा महिने भाजून निघतो आपण."

"तुला काय कळतंय! तू जातीस व्हय तळ्यावर पाटचं? तितं वारं कसलं असतंय, लई बोचतंय."

"मग तुम्ही कानटोपी घाला."

असं रोज चाललं. मी नवी पेठेत काहीतरी घ्यायला गेले तेव्हा एका दुकानात कुत्र्यांचे तयार कोट लटकलेले बघून आले आणि सांगितलं, पाहिजे तर आणते, पण कटकट थांबवा. त्यावर अण्णा असे हसले की जणू मी पाणीपुरीवाल्याकडून गंगाजल आणायला निघाले होते. चादरी विणणाऱ्याच्या घरात बाजारचा कोट!

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ट्रंक उघडी, आणि अण्णा जमिनीवर ती शेवटची चादर पसरून कात्रीनं कापत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनं जपलेली वस्तू होती ती. मी नको नको ते बोलले. म्हातारचळ लागलाय म्हणाले, आई असती तर कात्री हातातून हिसकावून घेतली असती म्हणाले. अण्णांनी मान वर केली नाही. "ट्रंकेत ठिवून कुणाच्या अंगावर पडनार हाय ती?" एवढंच बोलले आणि कापत राहिले.

कोट मात्र बेतला झकास. चादर दुहेरी घेऊन पाठ केली, मोराची नक्षी बरोबर मधोमध आणली, मान जाईल एवढं भोक ठेवलं आणि पोटाखालून बांधायला सुताचे दोन बंद वळले. चादर मुळातच जाड, त्यात दुहेरी, त्यामुळे कोट तट्ट उभा राहायचा. बंद बांधले ते विणकराच्या गाठीनं. मागावर धागा तुटला की विणकर दोन टोकं चिमटीत धरून पापणी लवायच्या आत गाठ मारतो. ती ओढाल तितकी घट्ट होते. ती पुन्हा कुणी सोडत नाही, कापड पुढं सरकतं. अण्णांना दुसरी गाठ येतच नव्हती. कोट काढायचा झाला तर ते बंद न सोडता पुढचे पाय दुमडून तो डोक्यावरून उपसून काढत.

पहिल्याच सकाळी तलावावर दोघांचं कौतुक झालं. लोकांनी फोटो काढले. शेजारच्या काकू म्हणाल्या, हौसेला मोल नाही. मी तोंड वाकडं करूनच होते. पण आठवड्याभरात अण्णांनी मला अंगणात बोलावलं. त्यांनी कोट काढला होता आणि कुत्रं उभ्या उभ्या थरथरत होतं.

"बग आता. काडला की कापतंय. व्हय का न्हाय?"

खरंच कापत होतं. ऊन वर आलं होतं तरी कापत होतं. मी हात टेकले. घाला बाई कोट, म्हणाले, तुमचं खरं. त्या दिवसापासून कोट त्याच्या अंगावरून उतरलाच नाही, दिवसा नाही की रात्री नाही.

पुढं दहा-बारा दिवसांनी कोट सैल झाला. एका अंगाला घसरायला लागला. अण्णांनी बंद चाचपला, नाक मुरडलं आणि आणखी एक गाठ मारून तो आखूड केला. "सूत ढिलं पडलं," म्हणाले. "जुनी चादर, अंगावर ताण बसतोय न्हवं."

इथं मी जे बोलले ते मला आयुष्यभर पुरणार आहे. मी हसत म्हणाले, "म्हणजे शेवटची चादर सैलच विणली होती म्हणा की! साहेबांनी फुकट उगीच नाही दिली."

बोलायला सहज बोलले, चादर कापल्याचा राग अजून पोटात होताच. अण्णांच्या ते वर्मी लागलं. चाळीस वर्षांत त्यांचा माल कधी परत आला नव्हता. त्या दिवसापासून ते रोज सकाळी चष्मा लावून कोटाची वीण तपासायला लागले. नखानं धागे सरकवून बघायचे, उन्हात धरून बघायचे, आणि सगळं कुत्र्याच्या अंगावरच. आठवड्याला एक गाठ वाढत होती. प्रत्येक वेळी ते सुताला शिव्या घालत होते आणि मी स्वयंपाकघरातून हसत होते. कोट का सैल होतोय, याचं उत्तर आम्ही दोघं कापडात शोधत होतो. विणकराच्या घरात सैल झालं तर कापडच झालं, दुसरं काही सैल होऊ शकतं हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

खुणा नव्हत्या असं नाही. कुत्रं पातेलं पातेलं पाणी प्यायचं. अण्णा म्हणायचे, पानी पितंय म्हंजे तब्येत झ्याक हाय. भाकरी अर्धी टाकायचं. मी म्हणायचे, गल्लीत कुणीतरी घालत असेल, कोटामुळं साहेबांचा भाव वधारलाय. तलावापर्यंत न जाता दोघं निम्म्यातूनच परत यायला लागले. म्हातारी माणसं, म्हातारं कुत्रं, थंडीचे दिवस. त्याच सुमाराला एकदा अण्णांनी घड्याळाचा पट्टा सैल झालाय म्हणून मला आत एक भोक पाडायला सांगितलं. मी दाभण गॅसवर तापवून भोक पाडून दिलं. चामडं जुनं झालं की वाढतंच.

भोगीच्या दिवशी मी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीवर लोणी घालून कुत्र्यापुढं ठेवलं. त्यानं नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मी त्याला दटावलं, "न खाई भोगी तो सदा रोगी, ऐकलंस का रे?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. कोटाला वास यायला लागला होता. सणाचा दिवस, माणसांनी तीळ लावून न्हायचं आणि यानं तसंच राहायचं का, म्हणून मी कढत पाणी काढलं. कोट डोक्यावरून निघेना. पाय दुमडला की कुत्रं विव्हळत होतं. शेवटी मी कात्री आणली आणि दोन्ही बंद कापले.

कोट खाली पडला. तो पडल्यावरही तसाच फुगलेला, मोर वर करून, आत अजून कुत्रं असल्यासारखा राहिला. आणि कुत्रं माझ्यासमोर उभं होतं. बरगड्या, पाठीचा कणा, मागची दोन हाडं, आणि त्यावर ओढून बसवलेलं कातडं. जिथं बंद होते तिथले केस गेले होते. मला पाणी ओतायचं सुचलं नाही. अण्णा मोरीच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "ह्ये कवा झालं?"

रिक्षातून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिनं रक्त तपासलं, पोट चाचपलं आणि सांगितलं की मूत्रपिंडं गेलीत, आता फार काही हातात नाही. थंडीनं नाही, आजारानं कापत होतं ते. आपल्याकडच्या गावठी कुत्र्याला एवढ्या थंडीत कोट लागत नाही, ती म्हणाली. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "काका, दोन महिने तरी बारीक होत असणार. दिसलं नाही का?"

"कोट व्हता," अण्णा म्हणाले.

पाच दिवस सलाईन लावायला नेलं. पाचव्या दिवशी परत येताना ते रिक्षात अण्णांच्या मांडीवर गेलं. घराच्या मागं लिंबाखाली आम्ही त्याला पुरलं. माती लोटण्याआधी मी कोट त्याच्या अंगावर घालायला आणला तर अण्णांनी माझा हात धरला. तो त्यांनी आत नेला, आणि कापलेला बंद हातात घेऊन कॉटवर बसले. एकेका गाठीवर अंगठा ठेवत होते. गाठी सात होत्या.

"मागाच्या खडखडाटात," ते म्हणाले, "एवड्या हज्जार धाग्यातला येक तुटला तरी मला कळायचं. माग थांबवायचो मी."

मी त्यांची माफी मागायला हवी होती. त्या सैल चादरीच्या चेष्टेबद्दल मागायला हवी होती. ओठावर आलं होतं. पण मी चहा ठेवते म्हणाले आणि आत गेले. आजही मागितलेली नाही.

त्यानंतर अण्णांनी तलाव सोडला. खुर्ची, कॉट, मोरी. आईनं विणलेला तपकिरी स्वेटर दिवसभर अंगात. आंघोळ आपली आपण करायचे, कपडे आपले आपण घालायचे. मी म्हणायचे चला, मी येते बरोबर. "उंद्या," म्हणायचे. मला वाटलं दुःख आहे, ओसरेल. पाच दिवसांची ओळख नव्हती ती, नऊ वर्षांची होती. मी त्यांना छेडायचं बंद केलं, आवाज चढवायचं बंद केलं. त्यांच्याकडे नीट बघायला मात्र सुरुवात केली नाही.

होळी झाली. दुपारी रस्त्यावर पाय ठेवावा वाटेना असं ऊन पडायला लागलं. एका रविवारी मी पंख्याखाली वह्या तपासत बसले होते. अण्णा खुर्चीतून म्हणाले, "पोरी, ह्या पट्ट्याला आनखी येक भोक पाड. लई सैल झालाय बग. मनगटावरनं कोपरापातूर जातंय."

मी उठले. दाभण घेतलं, गॅस लावला, दाभण तापायला धरलं. टोक लाल झालं. घड्याळ घ्यायला हात पुढं केला आणि पट्टा बघितला. मी पाडलेलं एक भोक होतं. त्याच्या आत आणखी दोन होती, वेडीवाकडी, माझ्या नकळत खिळ्यानं पाडलेली.

मी गॅस बंद केला.

"अण्णा, स्वेटर काढा."

"वाजतंय गं मला."

डोक्यावर पंखा फिरत होता. मी त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसले आणि स्वेटरच्या कडेला हात घातला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग दोन्ही हात वर केले, आणि मी तो डोक्यावरून काढला.