समान श्रेणीचे मासे

हेडक्लार्क निवृत्त झाला आणि घराचं ऑफिस झालं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या रजेच्या अर्जांवर लाल शाईने 'कारण अपुरे' लिहिणारा हा माणूस. आपण नसलो तर इमारत कोसळेल असं त्याला वाटे. कोसळते कसली! दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीत दुसरा बसला आणि कुणी त्याची आठवणही काढली नाही. मग साहेबांची नजर घराकडे वळली. मिठाच्या बरणीला चिठ्ठी लागली, चपलांना क्रमांक मिळाले. बायकोने सगळं सोसलं. पण एके दिवशी हॉलमधल्या माशांच्या टाकीपुढे उभं राहून तो म्हणाला, "एवढ्या जागेत एकच मासा? शुद्ध अपव्यय."

त्या टाकीत बायकोची ठमी होती, सात वर्षांची, लांब झुळझुळीत शेपटीची गोल्डफिश. हिने काचेला बोट लावलं की ठमी लगबगीने पुढे यायची. हिला पाहून आनंद होणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

त्याने काचेवर फूटपट्टी धरून ठमीला मोजलं. शेपटी वगळून तीन इंच. दुकानात जाऊन त्याच मापाचे दोन टायगर बार्ब निवडले, पट्ट्यापट्ट्यांचे, चपळ.

"हे गोल्डफिशशी नांदायचे नाहीत," ठमीचं ऐकून दुकानातली बाई म्हणाली. "लांब शेपटी दिसली की कुरतडतात. घ्यायचेच तर आठ-दहा घ्या नि वेगळ्या टाकीत ठेवा, आपसात पळापळी करतील. दोनच नेलेत तर सगळा जोर तिच्यावर. शिवाय यांना कोमट पाणी लागतं, तिला गार."

"बाई, मी चाळीस माणसं सांभाळलीत. समान श्रेणी असली की भांडण होत नाही." आपल्या अकलेचं केवढं कौतुक त्या चेहऱ्यावर! बायको मागे पिशवी धरून उभी होती. तिला त्याची शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी ठमीच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. "नवीन रुजू झालेत, थोडं व्हायचंच," म्हणत त्याने वहीत 'निरीक्षण चालू' असं लिहिलं. पाचव्या दिवशी ठमी कोपऱ्यात खाली बसली. बोटाकडे आली नाही.

"तिनेच जमवून घ्यावं," तो म्हणाला. "जुन्यांनीच समजुतीने घ्यायचं असतं."

लग्न झालं तेव्हा 'नवीन आलेल्यांनी समजुतीने घ्यायचं' असा नियम होता. ठमीला झाकणाच्या बादलीत घालून ती एकटीच दुकानात गेली आणि नवी टाकी घेऊन आली. झोपायच्या खोलीतलं त्याचं टेबल रिकामं केलं, त्यावर टाकी मांडली, ठमीला हळूच आत सोडलं. मग त्याची गादी, उशी आणि वही हॉलमध्ये बार्बांच्या टाकीखाली नेऊन ठेवली.

तो फिरून आला आणि बघतच राहिला. "हे काय?"

"नांदत नाहीत त्यांना वेगळं ठेवायचं असतं," ती म्हणाली. "दुकानातली बाई सांगत होती, तुमचं लक्ष नव्हतं."

आणि खोलीत जाऊन तिने आतून कडी लावली.