उघाडीवाल्याचा इन्व्हर्टर

बुधाजीला वीज कळत नाही, असं त्याच्या तोंडावर म्हणायची गावात कुणाची टाप नव्हती. पण खरं सांगायचं तर नव्हतीच कळत. त्याला कळायचं पाणी. पनवेलच्या खाडीवरल्या मिठागरात त्यानं चाळीस वर्षं उघाडी सांभाळली. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. भरती आली की उचलायची, खारं पाणी आत घ्यायचं, भरलं की पाडायची. पाडायला विसरलं तर ओहोटी सगळं परत ओढून नेते. बुधाजी एकदाही विसरला नाही, आणि हे त्यानं अर्ध्या तालुक्याला ऐकवलं होतं.

आता मिठागर गेलं, घरावर स्लॅब चढला आणि या वैशाखात सून किशोरीनं इन्व्हर्टर बसवला, दोन मोठ्या बॅटऱ्यांसकट. कारण होतं त्याच्या बायकोची, भामाबाईची अंडी. अंड्यांवर खुडूक बसलेली कोंबडी मुंगसानं नेली. त्या कोंबडीची जात भामाबाईच्या माहेरची, करंजाची, आणि घरात तेवढी एकच उरलेली. भामाबाई दोन दिवस जेवली नाही. मग किशोरीनं मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावला, अकरा अंडी उबेला ठेवली. शुक्रवारी पिल्लं निघायची, आणि नेमकी शुक्रवारीच दुरुस्तीसाठी नऊ ते पाच लाइट जाणार होती.

"लाइट असली की बॅटरी भरते, गेली की घर तिच्यावर चालतं," किशोरीनं समजावलं.

"म्हंजे भरती-ओहोटी," बुधाजी खूश झाला. "मना काय शिकवतंस?"

गुरुवारी संध्याकाळी इन्व्हर्टरच्या पेटीवर हिरवा दिवा लागला. बॅटरी भरली. बुधाजी उठला, भिंतीवरचं इन्व्हर्टरचं बटण खटकन बंद केलं आणि समाधानानं झोपला.

सकाळी सहाला पेटी कुईकुई करायला लागली. किशोरी धावत आली, भिंतीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा, हे बटण कोणी बंद केलं?"

"मी. भरला का दार लावाचा."

"अहो, भरली की ती आपली आपण थांबते. तुम्ही भरतीचं दार लावलंत, घराचं उघडंच राहिलं. पंखे, फ्रीज, सगळं रात्रभर बॅटरीवर चाललं."

उघाडीवाल्यानं रात्रभर पाणी वाहू दिलं होतं. भामाबाई पाठ फिरवून आत गेली, आणि तेच त्याला जास्त लागलं.

बटण चालू झालं. हातात तीन तास होते. नऊला लाइट गेली तेव्हा बॅटरी जेमतेम पाव भरली होती. मग म्हाताऱ्यानं घरात कर्फ्यू लावला. पंखा नाही, फ्रीज नाही, टीव्ही नाही, बॅटरीवर फक्त खोक्यातला बल्ब. स्वतः घामानं निथळत खोक्यापाशी बसला. शेजारचा महादेव मोबाइल चार्जिंगला लावायला आला, तर त्याला उंबऱ्यावरूनच पिटाळला. "आज पावना-बिवना कोन नाय," म्हणाला.

पाच वाजले, लाइट आली नाही. साडेपाचला पेटी पुन्हा कुईकुई करू लागली. बुधाजीचा जीव टांगणीला लागला. मिठागर सोडताना रडला नव्हता, पण आता त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात एका अंड्यावर टकटक झाली. कवच तडकलं, ओली चोच बाहेर आली. मग दुसरं, मग तिसरं. बल्ब पिवळा, मंद, पण जळतच होता. सहाला गावभर पंखे फिरले, तोवर चार पिल्लं चिवचिवत होती. दिवेलागणीपर्यंत नऊ पिल्लं झाली.

भामाबाईनं एक पिल्लू तळहातावर घेतलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात कधी न केलेलं काम बुधाजीनं तेव्हा केलं.

"चुकला गो मी," तो म्हणाला.

भामाबाईनं पिल्लू पदरात घेतलं, हसू दाबलं आणि जवळ सरकून बसली.

"नीट आयकू नाय आला," ती म्हणाली. "परत बोला."

आणि तो परत बोलला.