मामाजींची नागपूरची तयारी

कुठं जायचं ठरलं की आमचे मामाजी आधी मनातल्या मनात तिथं जाऊन येत. मामाजी म्हणजे माझे सासरे. पांढुर्ण्याच्या मंडीत, म्हणजे बाजार समितीत, त्यांनी जन्मभर बाबूची नोकरी केली. निवृत्तीनंतर ओसरीतल्या खुर्चीत डोळे मिटून बसत आणि अर्धवट आवाजात बोलत राहत. आता गाडीतून उतरलो, आता ऊन लागून राहिलं, पाणी कोणापाशी आहे? जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जायचं असलं तरी हेच. शनिवारच्या गर्दीत चपला कोणाजवळ ठेवायच्या, हे ठरेपर्यंत त्यांनी एकदा आम्हाला रिक्षात बसू दिलं नव्हतं. गल्लीतले लोक हसत. नवीन नवीन मीही हसले.

माझ्या लग्नाच्या आधीच सासूबाई गेल्या होत्या. मी सौसरच्या शाळेत शिकवते, माझे यजमान प्रशांत तहसीलमध्ये आहेत. त्यामुळं आमची ओवी दिवसभर मामाजींकडंच, तिच्या आबाजींकडंच असे. ते तिला वरणभात कालवून भरवत, रेल्वेच्या पुलावर नेऊन मालगाड्या दाखवत. ओवी चालायला लागली तेव्हा तिला कुठं न्यायचं हे ते ठरवत नसत. ती जिकडं जाईल तिकडं तिच्या मागून जात. कधी त्या फिरण्यात दोघांची सारी सकाळ शेजारच्यांच्या फाटकापर्यंतच संपे.

ओवीला दोन वर्षं झाली त्या दिवाळीच्या सुटीत तिला घेऊन नागपूरला जायचं ठरलं. प्रशांतच्या डोक्यात मॉल होता, तलाव होता, दोन-तीन मंदिरं होती, कोणाकोणाच्या घरी जेवणं होती. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी शहर पाहून राहिले. पोरीकडं पाहा. तिचं जेवण न् तिची झोप मधात ठेवा, बाकीचं आजूबाजूनं बसवा."

मग त्यांनी बसवलं. ओवी पहाटेच उठते म्हणून सकाळची गाडी. दुपारी तिला झोपवता यावं म्हणून स्टेशनजवळच खोली. संध्याकाळी मोकळं गवत असलेली बाग. दुसऱ्या दिवशी मेट्रो, फक्त जाऊन परत यायचं, कारण तिच्यासाठी गाडी हेच पाहायचं ठिकाण. मॉल त्यांनी काढूनच टाकला. डब्यात मऊ खिचडी, कपड्यांचे जास्तीचे जोड. आणि ओवीच्या प्रत्येक फ्रॉकच्या खिशात आमचा फोन नंबर लिहिलेली कापडाची पट्टी शिवायला लावली. सुई ते स्वतः ओवून देत होते. म्हणाले, "शहरात लेकरू बोट सोडते. त्याचं कामच आहे ते."

या तयारीत एक गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्हाला दिसली नाही. सकाळी सांगितलेलं मामाजी दुपारी पुन्हा सांगत. गाडी कोणती, हे विचारून झाल्यावर चहा संपायच्या आत परत विचारत. जो माणूस आयुष्यभर एकच गोष्ट दहादा विचारत आला, त्यानं अकराव्यांदा विचारलं तर कोणाला काय वाटणार? प्रशांत म्हणाला, बाबांना नातीची काळजी जरा जास्तच आहे.

पहिला दिवस त्यांनी म्हटलं होतं तसाच गेला. ओवी गाडीत खिचडी जेवली, खोलीवर गाढ झोपली, उठली ती हसतच. संध्याकाळी बागेत गेलो. ओवी आणि मामाजी एका बाकावर बसले आणि आम्ही दोघं तिच्यासाठी दूध गरम करून मिळतं का ते पाहायला फाटकाजवळच्या टपरीवर गेलो. बाक तिथून दिसत होता. मी बाटली भरून घेतली आणि मागं वळून पाहिलं तर बाकाजवळ ओवी एकटीच होती. खाली बसून गवत उपटत होती. मामाजी नव्हते.

मी धावत जाऊन तिला उचललं. तिला काहीच कळलं नव्हतं. आबाजी कुठं गेले विचारलं तर तिनं हातातलं गवत मला दाखवलं. प्रशांतनं सगळी बाग पालथी घातली, चौकीदाराला विचारलं. मामाजींजवळ मोबाइल नव्हता, तो खोलीवर राहिला होता. ओवीच्या खिशात नंबर होता आणि त्यांच्या खिशात काहीच नव्हतं.

सापडले ते दुसऱ्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला एका फळवाल्याच्या गाडीपाशी. मंडी कोणीकडं आहे, मला उशीर होऊन राहिला, असं त्या माणसाला विचारत होते. तो बिचारा त्यांना धरून उभा होता. प्रशांतनं हाक मारली तसे वळले. त्याला ओळखलं, मला ओळखलं. मग माझ्या कडेवरच्या ओवीकडं पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"ही एकटी होती?" त्यांनी विचारलं.

ते फुटपाथवर खाली बसले.

दुसऱ्या दिवशी प्रशांत म्हणाला, सकाळच्याच गाडीनं घरी जाऊ. मामाजींनी ऐकलं नाही. पोरीची मेट्रो राहून जाऊ द्यायची नाही, एवढंच म्हणाले. आम्ही गेलो. ओवी काचेला नाक लावून उभी होती, प्रत्येक वळणावर खिदळत होती. तिनं त्यांच्या मांडीवर बसायला हात पुढं केले तेव्हा त्यांनी तिला उचलून माझ्याकडं दिलं आणि स्वतः समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले.

त्याच दुपारी त्यांना डॉक्टरांना दाखवलं. विस्मरणाचा आजार आहे, वाढत जाईल, औषधानं थोडा धीमा होईल, असं डॉक्टर म्हणाले. मामाजी शहाण्या मुलासारखे ऐकत होते. घरी आल्यावर मी त्यांच्या सदऱ्यांच्या खिशांत नंबर शिवायला बसले. त्या वेळी त्यांनी सुई ओवून दिली नाही. फक्त माझ्या हाताकडं पाहत राहिले.

ओवीला शेजारच्या मावशींकडं ठेवायला लागलो. पण मामाजी घरी एकटे असत आणि माझं शाळेत लक्ष लागत नसे. एकदा ते तिगावच्या रस्त्यावर भर उन्हात सापडले. प्रशांतचे थोरले भाऊ बैतूलला असतात, वहिनी दिवसभर घरीच. त्यांनी दोनदा विचारलं होतं. बाबांना तिकडं पाठवू, हे प्रशांतच्याही तोंडातून निघत नव्हतं आणि माझ्याही. शेवटी एका सकाळी मामाजीच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांचं डोकं लख्ख होतं.

"दोन लेकरं तुले एका वेळी नाही सांभाळता येणार, बेटा," ते म्हणाले. "लहान इथं राहू दे. मोठं बैतूलला पाठव."

मी पोळी तव्यावर तशीच ठेवून रडले. ती करपली. त्यांनीच पुढं होऊन गॅस बंद केला.

स्टेशनवर त्यांनी ओवीला जवळ घेतलं नाही. थोरले भाऊजी सामान चढवत होते. मामाजी खिडकीपाशी बसले आणि गाडी हलेपर्यंत प्रशांतशी पंख्याबद्दल काहीतरी बोलत राहिले. ओवी टाटा करत होती. तिला गाड्या आवडत.

बैतूलला वहिनींनी त्यांचं सगळं मनापासून केलं. आम्ही जायचो. सुरुवातीला ते ओवीला नावानं हाक मारत. नंतर नाव गेलं. शेवटच्या भेटीत तिला म्हणाले, कोणाची पोरगी आहेस तू, एकटी नको फिरू. पुढच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले.

ओवी आता पाच वर्षांची आहे. परवा मी तिला विचारलं, तुला आबाजी आठवतात का? तिनं खरंच आठवून पाहिलं, आणि नाही म्हणाली. मग मी तिला जवळ बसवलं आणि सांगायला सुरुवात केली, तुला वरणभात कोण भरवायचं, पुलावर कोण न्यायचं. थोडा वेळ तिनं ऐकलं. मग ती खेळायला गेली.