हापशाचा वार

शनिवारी दिवस कलला की मिस्त्री आपले लोखंडी पाने फडक्यानं पुसायचे, एकेक करून पिशवीत घालायचे, पिशवीच्या तोंडाला दोन गाठी मारायचे आणि म्हणायचे, "उद्या हत्यार नाही."

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरचे हापसे दुरुस्त करणं हे त्यांचं काम आणि त्यांच्या फेऱ्या कागदावर लिहिणं हे माझं. आता तुम्ही म्हणाल, रविवारी सगळ्याच कचेऱ्या बंद असतात, त्यात काय एवढं? पण तुम्ही मोखाड्याकडचा उन्हाळा पाहिलेला नाही. एप्रिल लागला की आमच्याकडे रविवार-बिविवार उरत नसे. मिस्त्रींचा मात्र उरायचा. साहेब रागावले की मिस्त्री सोमवारी दुप्पट हापसे दुरुस्त करून यायचे.

आमच्या कचेरीत ख्रिस्ती असे ते एकटेच. मला नसत्या ठिकाणी नाक खुपसायची खोड आहे. एकदा चहा पिताना मी त्यांना गाठलंच. "मिस्त्री, तुमच्या देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला ना? सातवा म्हणजे शनिवार. मग तुम्ही रविवार कसा धरलात?"

मी चूक काढली म्हणून ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते उलट खुलले.

"विसाव्याचा शब्बाथ शनिवारचाच, भाऊसाहेब. पण प्रभू थडग्यातून उठला तो रविवारी. म्हणून आमची उपासना रविवारी." मग आवाज उतरवून म्हणाले, "सासरे मात्र शनिवारवाले."

"मग लग्न कधी लागलं?"

"बुधवारी."

मला ठसका लागला. मग कळलं की त्यांच्या चर्चचे पाळकही वेगळंच सांगत. उपासना करा, नंतर हातात काम घेतलंत तरी पाप नाही, असं पाळकांचं म्हणणं. मिस्त्रींना ते पटत होतं, पण झेपत नव्हतं. "बापानं रविवारी कधी कोयता धरला नाही. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून म्हणाला, 'रविवार सोडू नको.' आता पाळक बरोबर की बाप, हे मी कुणाला विचारू?"

त्याच वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळच्या जीपनं मोखाड्याकडच्या एका पाड्यावरची म्हातारी आली आणि घर विचारत माझ्या दारात उभी राहिली. पाड्यावर एकच हापसा, आदल्या दिवशी त्याचा रॉड तुटलेला, विहिरीत चिखल. मी तिला घेऊन प्रार्थना चालायची त्या घरापाशी गेलो. गाणं संपेपर्यंत आम्ही पायरीवर थांबलो. मिस्त्री पांढऱ्या सदऱ्यात बाहेर आले, आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"आज हत्यार नाही, भाऊसाहेब."

माझा पारा चढला. "लोकं तहानेनं तडफडतायत आणि तुम्ही वार पाळत बसा!" असं बरंच काही बोललो. ते मान खाली घालून ऐकत राहिले. माझ्या ओरडण्यानं त्यांच्यावर तसूभरही परिणाम झाला नाही.

म्हातारीनंच मला गप्प केलं. "ऱ्हाऊ दे, सायेब. त्याचा वार हाय त पाळू दे त्याला. आमीबी सोमवारी बैल नाय जुंपत. आजच्या दिस नदीवरनं आणू पाणी." नदी तिथून दीड कोस उतारावर होती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मिस्त्रींनी वर पाहिलं. "आजी, सोमवारी बैल विहिरीत पडला तर?"

"पडला त काढू की! जुंपायचा नाय, पन पडला त काढाया नको?"

मिस्त्री पायरीवर बसलेच. "हे प्रभूनं विचारलं होतं," ते मला म्हणाले. "शब्बाथाच्या दिवशी, अगदी असंच." त्यांचे डोळे भरून आले होते. म्हातारी बिचारी आपलं काय चुकलं म्हणून माझ्याकडे बघत राहिली.

त्या दिवशी पिशवीच्या दोन्ही गाठी सुटल्या. पाड्यावर मीही पाइप धरायला हात लावला. तिसऱ्या प्रहरी पाणी आलं. मिस्त्री ओंजळभर पाणी प्यायले आणि हसत म्हणाले, "आजी, माझा वार मोडला बरं का." ते हसून म्हणाले खरे, पण तो मोडलेला वार त्यांच्या मनाला लागला होता. म्हातारी हसली नाही.

दोन आठवड्यांनी पाड्यावर गेलो तर बायकांनी सांगितलं, रविवारी हापशाचा दांडा दोरीनं खांबाला बांधलेला असतो. आदल्या संध्याकाळीच सगळ्यांनी हंडे भरून ठेवायचे. मी म्हातारीला म्हटलं, "अगं, वार त्यांचा, हापशाचा नाही!"

"ह्याच्यापायी मोडला ना त्याचा? मंग ह्यानंच फेडाया नको?"

हे मी मिस्त्रींना सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातला पाना फडक्यानं पुसून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "बापाला आवडलं असतं."

मिस्त्री जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांना मातीही रविवारीच दिली. मला त्यांची फार आठवण येते, रविवारी तर येतेच. परवा रविवारी मोखाड्याकडून परतताना मुद्दाम त्या पाड्यावर उतरलो. म्हातारीही आता नाही. तिची सून दारात निवांत बसली होती. समोर हापशाच्या दांड्याला दोरी होती.

मी विचारलं, "अजून हापसा वार पाळतो?"

"हा," ती म्हणाली, "मिस्तरीचा वार फेडायचा ऱ्हायलेला हाय ना."

दोरीला दोन गाठी होत्या.