आत्यानं ओवलेलं तोरण

माझी आत्या वडिलांपेक्षा मोठी. तिचा नवरा पुण्यात एका छापखान्यात कामाला होता. लग्नाला सहा वर्षं झाली आणि तो विषमज्वरानं गेला. मूलबाळ नव्हतं. आत्या माले गावी आमच्या घरी परत आली ती एक ट्रंक घेऊन. ट्रंकेत दोन लुगडी आणि बाकी सगळा रंगीत कागद. पुण्यात शेजारची बाई गणपतीच्या मखराची फुलं करायची, तिच्याकडून आत्या ते शिकली होती.

स्वातंत्र्य येऊन तेव्हा आठ-दहा वर्षं झाली होती. आमच्याकडं लग्नाचा मांडव म्हणजे बांबू, वर जांभळीचे डहाळे आणि दाराला आंब्याचं तोरण, एवढंच. पण पौडाकडून हळूहळू पताकांची टूम यायला लागली. जो तो म्हणायला लागला, शहरासारखं कायतरी पाहिजे. आत्याचा हात कुणाला तरी आठवला. विधवा बाईनं लग्नाच्या कामाला हात लावायचा की नाही, यावर भावकीत दोन दिवस बोलणं झालं. शेवटी एका म्हाताऱ्या चुलतआजीनं निकाल दिला, "कागद काय झाडाला लागत न्हाई. त्याला कसला इटाळ? करू द्या तिला."

तेव्हापासून कागद आत्याचा झाला. हळद, कुंकू, सुपारी, आंब्याचं पान, यांना तिनं हात लावायचा नाही. पडवीत बसून ती पताका कातरायची, खळीनं सुतळीला चिकटवायची, फुलं करून मेणात बुडवायची. पुरुष येऊन ते घेऊन जायचे आणि मांडवात बांधायचे. आपण केलेलं बांधल्यावर कसं दिसतं ते तिनं लांबूनच, गोठ्याच्या कोपऱ्यावरून बघायचं. ती कधी कुरकुरली नाही. कात्री हातात असली की तिचा चेहरा वेगळाच व्हायचा, एवढं मला आठवतं.

माझं लग्न चांदे गावातल्या एका घरात ठरलं. मी सोळा वर्षांची होते. आत्यानं महिनाभर आधी मला सांगितलं, "नुसती पानं दुपारपतुर मलूल हुत्यात. नुसता कागद कोरडा दिसतो. मी तुझ्या दाराला दोन्ही एकात करणार हाय. पाच पानं, एक फूल, परत पाच पानं. पानं कुनी सवाष्ण ओवंल, फुलं मी दीन."

लग्नाच्या दिवशी सकाळी बायका देवक घेऊन मारुतीला गेल्या. पानांची पाटी पडवीत तशीच राहिली. मी हळदीच्या अंगानं आत बसले होते. आत्या दोनदा पाटीपाशी आली आणि दोनदा परत फिरली. वैशाखाचं ऊन चढत होतं, पानं कडेनं वळायला लागली होती.

"येतील अजून बायका," ती म्हणाली.

"कवा येतील? वऱ्हाड पौडाच्या पुढं आलं आसंल," मी म्हणाले. "आत्या, तूच ओव. कोण बघतंय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग सुई घेतली. तासाभरात तोरण झालं. वडिलांच्या गड्यानं ते दाराला बांधलं. कागदाची लाल फुलं हिरव्या पानांत अशी बसली होती की लांबून खरी वाटावीत. तेवढं देखणं दार आमच्या गावात त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

वऱ्हाड आलं. माझी होणारी सासू दारातच थांबली. तिला ते आवडलं होतं, हे मुद्दाम सांगते. कौतुकानंच तिनं आईला विचारलं, "लई नामी केलंय. कुनी केलं?"

"आमच्या वन्संनी," आई भाबडेपणानं म्हणाली.

सासूबरोबर तिची जाऊ होती. तिला आत्याचं ठाऊक होतं. ती म्हणाली, "फुलं त्यांनी केली असतील. पानं कुनी ओवली?"

आईला ते माहीत नव्हतं. तिनं एका बाईकडं पाहिलं, त्या बाईनं दुसरीकडं. वडील पुढं आले. त्यांनी गोठ्याच्या कोपऱ्याकडं तोंड करून विचारलं, "आक्का, पानं कुनी ओवली?"

आत्या चार पावलं पुढं आली. मी आतल्या दाराशी उभी होते. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मला दोन शब्द बोलायचे होते, मीच सांगितलं म्हणून. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

"मीच ओवली," आत्या म्हणाली. "कुनाला ठावं न्हवतं. पोरीला बी न्हाई."

वडिलांनी स्वतः तोरण ओढून काढलं आणि उकिरड्यावर टाकायला दिलं. मग घाईनं चार डहाळ्या तोडून दाराला खोचल्या. माझं लग्न त्याच डहाळ्यांखाली लागलं. आत्या अक्षतांना आली नाही. मी निघाले तेव्हा तिला भेटायला म्हणून वळले, तर आई म्हणाली, "आता नगं. चल म्होरं."

दोन वर्षांनी माझा पहिला मुलगा झाला आणि अठराव्या दिवशी गेला. सासूच्या जावेनं तोरणाची गोष्ट काढली. मग ती घरोघर झाली. सासूनं मला तोंडावर काही म्हटलं नाही, पण अडवलंही कुणाला नाही. ती गोष्ट चांद्याहून मालेला पोचायला आठवडासुद्धा लागला नाही.

पुढच्या वर्षी मुलगी झाली. तिला घेऊन मी माहेरी गेले ती मनाशी ठरवूनच. आईला सगळं सांगितलं, की ओव म्हणून मीच म्हटलं होतं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "आता सांगून काय उपेग?" एवढंच ती म्हणाली.

आत्या पडवीत बसली होती. नुसती बसली होती, हातात काही नव्हतं. कागद तिनं चुलीत घातल्याचं मला नंतर कळलं. मी म्हणाले, "आत्या, तुझा काय दोस न्हाई. मी सांगितलं म्हून तू केलंस. आन तान्हं पोर काय तोरणानं जातंय का?"

"हात माझाच लागला," ती म्हणाली. मला वाटलं, रागानं म्हणते. पण रागानं नव्हे, मनापासून म्हणत होती. लोकांनी सांगितलेलं तिला पटलं होतं. माझ्याकडं असलेलं एकच औषध, ते खरं बोलणं, मी इतक्या उशिरा आणलं होतं की आता ते तिला लागू पडत नव्हतं.

मी मुलीला तिच्या मांडीवर ठेवायला गेले. आत्यानं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ती मागं सरकली. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. माझ्या मुलीला तिनं एकदाही जवळ घेतलं नाही.