तीन पानं जास्तीची

माझ्या सुंदर अक्षरामुळे एका सज्जन माणसाची मेळघाटात बदली झाली. ही गोष्ट मी दहा वर्षं कुणालाही सांगितली नाही. आमच्या ह्यांना तर मुळीच नाही. हे पोलीस इन्स्पेक्टर, आणि पोलिसाला आपण होऊन काही सांगायचं नसतं, एवढं मला माहेरी शिकवलेलं होतं. (माझे वडील अकोल्याला वकील होते.)

तेव्हा आम्ही अमरावतीला होतो. मोटार चालवायचं लायसन पोलीस कचेरीतून मिळे आणि त्याआधी परीक्षा घ्यायचं काम ह्यांच्याकडे असे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी पाहत होते, दुपारचे बारा वाजले की आमच्या दारात मोटार थांबायची. कधी कापसाच्या जिनवाल्या शेटची काळी गाडी, कधी सरकीच्या पोत्यांचा ट्रक. चालवणारा घामाघूम आणि शेजारी हे, टोपी मांडीवर ठेवून.

"हे कोण?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"परीक्षा चालू हाय त्याची. तू पान वाढ."

मी पान वाढलं. हे जेवायचे, घटकाभर आडवे व्हायचे आणि परीक्षा तोवर दारात उन्हात उभी असायची. बुधवारी ती भाजीबाजारावरून यायची. "गर्दीत ब्रेक कसा मारते ते पाहा लागते," असं हे पिशवीतली वांगी काढता काढता सांगायचे. उन्हाळ्यात एकदा तर तिची मजल अकोल्यापर्यंत जायची, कारण माझी आई तिकडे लोणचं घालायची. बडनेरा, मूर्तिजापूर करत जायचं आणि येताना मागच्या सीटवर माझ्या मांडीत बरणी. तेल सांडलं की उमेदवार नापास! एका वर्षी एकाने मूर्तिजापूरच्या फाटकापाशी गाडी खड्ड्यात घातली, ह्यांच्या खाकी पँटवर खार उडाला, आणि त्या बिचाऱ्याला पुढे तीनदा परीक्षा द्यावी लागली. (तिन्हीदा भाजीबाजार.)

तुम्ही हसाल, पण मला हे सगळं सरकारी नियमाप्रमाणे चाललंय असंच वाटायचं. ह्यांनी सांगितलं होतं, आणि हे खाकी कपड्यांत सांगायचे.

पोलीस अधिकाऱ्यांसाठी तेव्हा एक निबंधस्पर्धा असे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कुणा गोऱ्या साहेबाने ती सुरू केली होती. साहेब गेला, स्पर्धा राहिली. त्या वर्षी विषय आला, 'मोटारचालकाची परीक्षा कशी घ्यावी'. वरून निरोपही आला की अमरावतीहून ह्यांनी लिहिलंच पाहिजे. बढतीचा कागद वर गेलेला होता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

"चोर पकडा म्हना, पकडतो. निबंध काय लिहा लागते?" असं म्हणत ह्यांनी तो निबंध आपल्या कारकुनाच्या, गोपाळरावांच्या गळ्यात घातला.

गोपाळराव म्हणजे बारीक अंगाचे, बंद गळ्याच्या कोटातले, अतिशय सरळ गृहस्थ. चार दिवसांत त्यांनी निबंध आणून दिला. "बाईसाहेब, साहेब म्हनले का तुमचं अक्षर मोत्यासारखं हाय. तेवढा उतरून द्या."

मी उतरायला बसले. पहिल्या पानावर 'सदर' नऊ वेळा आणि 'उपरोक्त' सात वेळा. मोटारचा पत्ताच नाही. दुसऱ्या पानावर मला डुलकी लागली. मनात म्हटलं, हे वाचून बढती तर मिळणार नाहीच, असलेली नोकरीसुद्धा जाईल. आणि इतका अनुभव असलेल्या माणसाच्या निबंधात एकही अनुभव नसावा?

म्हणून शेवटी मी माझ्या मनाची तीन पानं जोडली. ह्यांचीच कैफियत म्हणून लिहिली: 'मी उमेदवाराची परीक्षा रोज नव्या परिस्थितीत घेतो. त्याला माझ्या घरापर्यंत आणतो; माझे भोजन व वामकुक्षी होईपर्यंत उन्हात उभे ठेवल्याने त्याचा धीर कळतो. भाजीबाजारात त्याचे ब्रेक कळतात. परंतु खरी कसोटी अकोल्याच्या रस्त्यावर. पत्नीच्या मांडीवर लोणच्याची बरणी देऊन बसवावे...' अशी लेखणी सुटली होती की काय सांगू. खड्डा, खार, खाकी पँट, काही म्हणून सोडलं नाही.

सही कुठे करायची तिथे मी पेन्सिलीने फुली मारली. हे फुली पाहून सही करायचे, वरचं वाचायचे नाहीत. निबंध गेला.

दोन महिन्यांनी वरचे साहेब तपासणीला आले आणि दुपारी आमच्याकडे जेवायला थांबले. गोपाळराव फायली घेऊन दाराशी उभे. मी वाढत होते. साहेबांनी लोणचं दुसऱ्यांदा मागून घेतलं, बोटं चाटली आणि शांतपणे म्हणाले, "इन्स्पेक्टर, ही बरणी पास झालेल्याने आणली की नापास झालेल्याने?"

ह्यांचा घास हातातच राहिला. "कोनती बरनी, साहेब?"

साहेबांनी खिशातून माझी तीन पानं काढली आणि वाचायला सुरुवात केली. सावकाश, एकेका शब्दावर थांबत. वामकुक्षीपाशी ह्यांचे कान लाल झाले. खाकी पँटपाशी सगळा चेहराच लाल झाला. मी हातातल्या पळीकडे पाहत उभी. ह्या घराचं आता काय होणार, एवढंच डोक्यात. आणि तेव्हा कुठे मला समजलं की बरणी सरकारी नव्हती.

"साहेब," हे घास ताटात ठेवत म्हणाले, "हे मी नाही लिहिलं. निबंध गोपाळरावानं लिहिला."

"खरं का हो?" साहेबांनी मान वळवली.

गोपाळरावांनी पानांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पळीतली आमटी कुणाला द्यायची ते ठरवत होते.

"जी साहेब," गोपाळराव म्हणाले. "निबंध मीच लिहिला."

साहेब हात धुऊन गेले. जाताना ह्यांना एवढंच म्हणाले, "उद्यापासून परीक्षा मैदानावर. आणि घरी सायकलने." बढती दोन वर्षं लांबली, पण नोकरी राहिली. गोपाळरावांची मात्र आठ दिवसांत मेळघाटात, सेमाडोहला बदली झाली.

"इतका गरीब मानूस," हे सायकलला हवा भरता भरता म्हणाले, "त्यानं असं काहून केलं असन?"

"काय माहीत," मी म्हटलं.

हे दोन शब्द मला दहा वर्षं पुरले. मेळघाटचं नाव निघालं की माझा घास अडायचा. तिकडे वाघ, तिकडे हिवताप, आणि तिकडे माझ्यासाठी मुकाट्याने गेलेले गोपाळराव! हळदीकुंकवाला कुणी माझ्या अक्षराची तारीफ केली तरी मी घरी येऊन रडायचे.

शेवटी गेल्या आठवड्यात माहेरी गेले असताना कळलं की गोपाळराव पेन्शन घेऊन अकोल्यातच राहतात. मन घट्ट केलं आणि गेले. गोपाळराव झोपाळ्यावर बसले होते, चांगले गुटगुटीत.

"या बाईसाहेब! मेळघाटानं पाहा माझा दमा गेला. हेडक्लार्क झालो तिथी." आणि त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर देवांच्या ओळीत चौकटीतलं पत्र. त्याच साहेबांच्या हातचं: 'तुमच्या निबंधाची शेवटची तीन पाने मी अनेकांना वाचून दाखवली. इतके प्रांजळ आणि खुसखुशीत लेखन आपल्या खात्यात दुर्मिळ आहे. तेथील हेडक्लार्कच्या जागेसाठी तुमची शिफारस केली आहे.'

माझा जीव भांड्यात पडला. दहा वर्षांचं ओझं उतरलं. मी हात जोडून म्हटलं, "गोपाळराव, आता सांगतेच. ती तीन पानं मी लिहिली होती."

गोपाळराव मायेने हसले. "उतरून तुमीच काढली ना, बाईसाहेब. म्हनून तसं वाटते."

"उतरून नाही. मनाने लिहिली."

"अवं," त्यांनी बायकोला हाक मारली, "चहा ठेव. बाईसाहेब उन्हातून आल्या." मग माझ्याकडे झुकून, समजुतीच्या सुरात, "लिहिनं काही सोपं नसते, बाईसाहेब. मले त्या वेळी आपोआप सुचत गेलं." आणि साहेबांनी पत्रासोबत परत पाठवलेली ती तीन पानं त्यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवली. मी हसते की नाही ते मधे मधे पाहत होते. खड्ड्याच्या जागी मला खरंच हसू आलं. छान लिहिलं होतं मी.

वकिलाची मुलगी, इन्स्पेक्टरची बायको. गुन्हा कबूल करायला आपल्या पायांनी गेले आणि पुराव्याअभावी निर्दोष सुटले. आता झोप शांत लागते, घास अडत नाही. पण सुटकेचा आनंद तीन दिवस टिकला आणि चौथ्या दिवशी मी हे लिहायला बसले. अपराध माझा होता, तो कुणीही क्षमा करावा. निबंधही माझाच होता. तेवढं मात्र कुणी विसरू नये.