नाडीवरची तीन बोटं

मेलबर्नच्या एका युनिव्हर्सिटीत मी औषधशास्त्र शिकवते. झोपेच्या औषधांचा भाग माझ्याकडे आहे. मेंदू कोणत्या रसायनाने शांत होतो, हे दर सेमिस्टरला वर्गभर पोरांना समजावते. पन्नाशी उलटल्यावर माझीच झोप उडाली, तेव्हा मी डिपार्टमेंटमध्ये अवाक्षर काढलं नाही.

जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, दिलेल्या गोळीने झोप यायची, पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत डोकं ओल्या गोधडीसारखं जड. शेवटी नवरा म्हणाला, "ग्लेन वेव्हर्लीला स्टेशनजवळ त्या चिनी वैद्यबाई आहेत, त्यांच्याकडे जाऊन तरी ये. जीभ बघतात फक्त, कापत नाहीत." जीपीला विचारून मी गोळी बंद केली आणि गेले.

वैद्यबाई सत्तरीच्या, बुटक्या, भिंतभर लाकडी खणांसमोर बसलेल्या. त्यांनी माझी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "यकृतात रक्त कमी. मन बसायला जागा शोधतंय." माझ्या यकृताचा रिपोर्ट नॉर्मल होता, तरी मी मान डोलावली. त्यांनी पुड्या बांधून दिल्या. त्यात ज्येष्ठमध होता, कसली तरी मुळं होती, पांढरी बुरशी होती आणि मुख्य औषध म्हणजे आपल्या बोराच्या भावकीतल्या एका फळाच्या बिया. लहानपणी तसल्या बिया कुणाचा नेम अचूक हे बघायला आम्ही थुंकायचो, त्या उकळून पिण्यासाठी मी इतक्या लांब आले होते.

काढा उकळला की घराला ओल्या पोत्याचा वास यायचा. एका रविवारी नवरा तो सार समजून वाटीभर प्यायला आणि सोफ्यावर आडवा झाला. पण तो काही पुरावा नव्हे. तो एरवीही झोपतोच.

दुसऱ्या खेपेला वैद्यबाईंनी माझं मनगट हातात घेत विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"युनीत शिकवते. मेंदूतली रसायनं. झोपेची."

"मग झोपत का नाही?"

"ते नक्की सांगता येत नाही," मी म्हटलं. तेच खरं होतं.

मग त्या हळूच म्हणाल्या, "मलाही झोप येत नाही. अकरा वर्षं झाली. माझा काढा मला लागू पडत नाही. तुमचं शास्त्र काय म्हणतं, सांगा."

मी मोकळ्या हाताने कागदावर दोन पेशी काढल्या. एकीतून गाबा नावाचं रसायन सुटतं, दुसरीच्या दाराला चिकटतं, दार उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी शांत होते, असं सांगत होते. क्लोराइडपर्यंत आले आणि वर पाहिलं तर बाई झोपलेल्या. हनुवटी छातीवर, आणि तीन बोटं माझ्या नाडीवर तशीच.

पुढचा पेशंट आत डोकावला. पाठ धरलेला, धिप्पाड ट्रक ड्रायव्हर. "त्या ठीक आहेत ना?"

"झोपल्यात," मी कुजबुजले. "अकरा वर्षांनी."

त्याने टोपी काढली आणि भिंतीशी बसला. नंतर आलेल्या दोन बायकांना त्यानेच ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. मला दुपारचं लेक्चर होतं. मी डाव्या हाताने नवऱ्याला फोन लावला.

"अगं, हात काढून घे ना," तो म्हणाला.

"कसा काढू? जाग्या होतील."

"बरं, बस," तो म्हणाला.

लेक्चर रद्द केल्याचा मेल मी डाव्या अंगठ्याने धाडला. विषय होता गाबा. कारण लिहिलं, अपरिहार्य.

पाऊण तासाने बाईंनी डोळे उघडले, नाडीवरची बोटं जराशी दाबली आणि म्हणाल्या, "आज नाडीत सुधारणा आहे." काही घडलंच नाही अशा थाटात त्यांनी एक मूळ कमी केलं आणि पुढच्या गुरुवारी यायला सांगितलं, दुकान उघडायच्या आधी. त्या मला काढा देणार, मी त्यांना पुढचा धडा देणार.

चार महिने मी गेले. हिस्टामिन झालं, अ‍ॅडेनोसिन झालं. दुसऱ्या पेशीच्या पुढे त्या एकदाही जागेपणी पोचल्या नाहीत. मलाही हळूहळू सलग पाच तास झोप लागू लागली. बियांमुळे, की गोळी सुटल्यामुळे, की आठवड्यातून एकदा कुणाचा तरी श्वास ऐकत मुकाट बसल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. एका माणसावरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी नापास करते.

मग बाई अ‍ॅडलेडला, मॉसन लेक्सला, मुलाकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी माझी लेक्चरं रेकॉर्ड करून मागितली. मी सगळी पाठवली.

महिन्याभराने मुलाचा मेल आला. आई पहिल्या लेक्चरच्या सुरुवातीलाच झोपते, आभारी आहे. तो स्वतः मात्र शेवटपर्यंत बघतो, आणि त्याला हिस्टामिनबद्दल नऊ शंका आहेत. त्यातल्या चारांची उत्तरं मी दिली. उरलेल्या पाचांसाठी मी अजून पुस्तकं चाळते आहे.